उंचीच्या रकान्यात उणे

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं.

मला सांगण्यात आलं होतं की तुमच्या गावाबद्दल बोला आणि सुरुवातीला गावाची मूलभूत माहिती द्या. शाळेत भूगोलाच्या वहीत 'माझे गाव' म्हणून लिहायचो ना, तशी. तर मी कागद घेऊन बसले. गाव कैनकरी. तालुका कुट्टनाड. जिल्हा आलप्पुळा, म्हणजे जुन्या नकाशातलं अलेप्पी. राज्य केरळ. नदी पंपा. मुख्य पीक भात. जवळचं रेल्वे स्टेशन आलप्पुळा, पण तिथून गावात जायला बोट. पुढचा रकाना होता समुद्रसपाटीपासूनची उंची. तिथे मी पेन खाली ठेवलं. कारण आमच्या शेताची उंची लिहायची तर आकड्याच्या आधी उणेचं चिन्ह काढावं लागतं. आमचं शेत समुद्राच्या पातळीखाली दीड मीटर आहे. काही शेतं दोन मीटर, थोडी त्याहून खाली.

आता 'आमचं' म्हणते, पण मी तिथली नव्हे. माझं माहेर आटपाडी. सांगली जिल्ह्यातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि आम्ही पोरं सुकडीसाठी तिच्या मागे. पाण्याचा टँकर आला की घागरींची रांग, आणि रांगेत भांडणं. पुढे मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागले. मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये एक मल्याळी मुलगा भेटला. १९९० साली लग्न झालं, बदली मागून घेतली आणि मी आलप्पुळ्याला आले. आईला एवढंच कळलं होतं की लेक पाणी असलेल्या गावात पडली. ती गल्लीभर सांगत सुटली होती.

दुसऱ्या वर्षी आई बघायला आली. बोटीतून उतरली, बांधावर उभी राहिली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मटकन खालीच बसली. म्हणाली, "अगं, पाणी वर आन् रान खाली?"

हे नीट डोळ्यांसमोर आणा. तुम्ही एका बांधावर उभे आहात. बांध रुंदीला कुठे दोन माणसं जातील एवढा, कुठे घर बसेल एवढा. एका बाजूला कालवा, पाणी काठोकाठ, त्यातून बोट चाललीय. दुसऱ्या बाजूला हिरवंगार भात, पण ते तुमच्या पायांच्या खूप खाली. शेतात वाकलेल्या बाईने मान वर केली तर तिला बोट डोक्यावरून जाताना दिसते. आपल्या डोक्यात गावाचा नकाशा म्हणजे वर टेकडी, मध्ये वस्ती, खाली शिवार आणि सगळ्यांत खाली ओढा. इथे सगळ्यांत वर कालवा, मग बांधावरची घरं, आणि सगळ्यांत खाली शिवार. गावाला वेस नाही. घरं एका ओळीत बांधाच्या पाठीवर बसलेली, जशा तारेवर चिमण्या. शेजारी म्हणजे एकतर पुढचा किंवा मागचा. समोरचा शेजारी कालव्यापलीकडे, त्याच्याकडे साखर मागायची तर होडी सोडायची.

हे असं का झालं? पंपा, अच्चनकोविल, मणिमला आणि मीनच्चिल या चार नद्या पूर्वेच्या डोंगरातून येतात आणि समुद्राला मिळण्याआधी वेंबनाड कायलमध्ये शिरतात. कायल म्हणजे खाडीसारखं सरोवर, भारतातलं सगळ्यांत लांब. नद्यांनी आणलेला गाळ तिथे साचतो. गेल्या दीडेकशे वर्षांत माणसांनी या उथळ पाण्यात बांध घालून, आतलं पाणी उपसून, तळाचं शेत केलं. डोंगर फोडून शेत करतात तसं हे पाणी फोडून केलेलं शेत.

बांध कसा घालत, ते माझ्या सासऱ्यांनी मला सांगितलं होतं. नारळाची खोडं पाण्यात ठोकायची, दोन रांगा. त्यांना बांबू आणि झावळ्या बांधायच्या. मधल्या जागेत पेंढा, वाळू आणि कट्टा टाकायचा. कट्टा म्हणजे तळाच्या चिकणमातीचे गोळे. ते आणायला माणूस बुडी मारायचा, छातीशी गोळा धरून वर यायचा, होडीत टाकायचा, पुन्हा बुडी. दिवसभर. चित्तिरा, मार्तांडम आणि राणी ही आमच्याकडची तीन मोठी कायल शेतं जोसेफ मुरिक्कन या जमीनदाराने १९४०च्या दशकात पाण्यातून काढली. महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला होता आणि त्रावणकोरात अन्नाची ओरड होती. शेतांना नावं राजघराण्यातली दिली. बुडी मारणाऱ्यांचं नाव कुठल्याच शेताला नाही. ते बहुतेक पुलया समाजाचे. फुटलेला बांध टिकावा म्हणून त्यात माणूस गाडल्याच्या कथा अजून सांगतात. मी त्याचा पुरावा मागत बसले नाही. ज्या गावात अशी कथा सगळ्यांना खरी वाटते, तिथे मजुरीचं मोल काय असेल ते कळतं. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'रंडिटंगळी' ही १९४८ची कादंबरी याच मजुरांची आहे. नावाचा अर्थच 'दोन मापं', म्हणजे दोन मापं धान्य.

आता आपल्याकडच्या बांधाची गोष्ट. तुमच्यापैकी शेतकऱ्याच्या घरातले कोण आहेत? हात वर करा. बरेच आहेत. मग 'बांध कोरणं' म्हणजे काय ते माहीत आहे. शेजाऱ्याच्या बांधाला दरवर्षी नांगराचं फाळकं लावायचं आणि वीतभर जमीन आपल्यात ओढायची. त्यावरून आटपाडीत माझ्या चुलत्यांची दिवाणी कोर्टात सतरा वर्षं गेली. कैनकरीत मी सासऱ्यांना ही गोष्ट गमतीने सांगितली. ते हसले नाहीत. "इथे बांध कोरला तर दोघंही बुडतील," म्हणाले. त्यांच्या भाषेत बांध फुटण्याला 'मडा' असा एक शब्द आहे, आणि तो घरात मोठ्याने उच्चारत नाहीत.

कारण इथे कुणीच एकटा शेतकरी नसतो. एका बाहेरच्या बांधाच्या आत जेवढी शेतं, तेवढ्यांचं मिळून एक पाडशेखरम. कुणाचं अर्धा एकर, कुणाचं दहा एकर, आमचं अडीच. पण पाणी सगळ्यांचं एकच. पावसाळ्यात शेतं पाण्याखाली असतात, कायल कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं कळत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास समितीची बैठक भरते. बांध कुठे खचलाय, पंपाचं कंत्राट कुणाला, पेरणी कोणत्या दिवशी. मग पंप सुरू होतो. त्याला म्हणतात पेट्टी आणि परा. पेट्टी म्हणजे पेटी, परा म्हणजे धान्य मोजायचं माप, पंपाचं पिंप त्या आकाराचं. त्याआधी चक्रम होतं, पायाने फिरवायचं लाकडी चाक, त्यावर माणसं रात्रंदिवस पाळीपाळीने बसत. पंप आठवडेच्या आठवडे घरघरतो. हळूहळू शेताचा तळ दिसायला लागतो. चिखल, शेवाळ, फडफडणारे मासे, त्यांच्यावर तुटून पडलेले बगळे. मग मोड आलेलं बी फेकायचं. आमच्याकडे बहुतेक 'उमा' लावतात, मंगोंबच्या भात संशोधन केंद्राचं वाण. साधारण चार महिन्यांत पीक. या पुंजा पिकाची कापणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. कापणीची यंत्रं येतात तमिळनाडूतून, आणि ती जंकारवर चढवून पाण्यातून शेतात आणतात. जंकार म्हणजे सपाट तराफ्यासारखी मोठी बोट.

एवढं झालं की भात बांधावर ताडपत्रीखाली रास करून ठेवायचा आणि गिरणीच्या माणसाची वाट बघायची. तो येतो, मूठभर दाणे हातात चोळतो, म्हणतो, ओलावा जास्त आहे. मग क्विंटलमागे इतके किलो कमी धरायचे. त्याला तिथे किळिव म्हणतात. आपल्याकडे बाजार समितीत कडता म्हणतात. हे ऐकलं तेव्हा मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं.

बँकेत असताना मी याच शेतांची पीककर्जं केली. हजारभर तरी केली असतील. फॉर्मवर रकाना असायचा, सिंचनाची सोय. आटपाडीच्या शाखेत तिथे 'नाही' लिहितात. इथे काय लिहायचं? इथल्या शेतकऱ्याला पाणी आणायचं नसतं, घालवायचं असतं. मी 'उपसा' लिहायचे आणि वरिष्ठांना वाटायचं, म्हणजे नदीतून शेतात. मी दुरुस्त करायचा नाद सोडून दिला.

एक गोष्ट मात्र आटपाडीसारखीच. पिण्याचं पाणी. तुम्ही हसताय, पण सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही अशी अवस्था. कालव्याच्या पाण्यात सगळ्यांची सांडपाणी, शेतातली औषधं, हाउसबोटींचं डिझेल. उन्हाळ्यात खारं पाणी वर येतं. सासूबाई, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, पावसाचं पाणी हंड्यांत धरतात आणि बाकीच्या दिवसांत होडी वल्हवत जाऊन नळावरून घागरी भरून आणतात. आई आली होती तेव्हा दोघी विहिणी एकाच होडीत पाण्याला गेल्या. एकीला मल्याळम येत नाही, दुसरीला मराठी. परत आल्या त्या हसत. काय बोलल्या ते दोघींनीही कधी सांगितलं नाही.

खाऱ्या पाण्याचा उपाय सरकारने केला. तण्णीरमुक्कमला कायलवर आडवा बंधारा घातला. तो १९७०च्या दशकात पुरा झाला. उन्हाळ्यात दारं बंद करायची, म्हणजे समुद्राचं पाणी भातात शिरत नाही. त्याआधी १९५५मध्ये तोट्टप्पळ्ळीला सांडवा बांधला होता, पुराचं पाणी थेट समुद्रात काढायला. कागदावर दोन्ही बरोबर. पण सांडव्यातून ठरलेल्या पाण्याच्या जेमतेम एक तृतीयांश पाणी जातं, आणि बंधाऱ्याची दारं बंद झाली की कायल डबक्यासारखं तुंबतं. जलपर्णी माजते, मासे कमी होतात. भातवाले म्हणतात दारं बंद ठेवा, मासेवाले म्हणतात उघडा. बँकेत दोघंही माझ्या टेबलासमोर बसायचे. मला विचाराल तर मासेवाल्यांचं कुणी कमीच ऐकलं, कारण त्यांच्याकडे सातबारा नाही. एम. एस. स्वामिनाथन यांचं मूळ घराणं याच कुट्टनाडातल्या मंगोंबचं. त्यांच्या संस्थेने २००७मध्ये कुट्टनाडचा अहवाल दिला, अठराशे कोटींहून जास्तीचं पॅकेज मंजूर झालं. त्यात काही बांध दगडी झाले. बाकीचं काय झालं यावर गावात चहाच्या टपरीवर अजून वाद चालतो. २०१३मध्ये समुद्रपातळीखालच्या या शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषीवारसा म्हणून मान दिला. अम्माला मी ही बातमी वाचून दाखवली. तिने विचारलं, "मग पंपाचं बिल ते भरणार का?"

आता २०१८कडे येते. तो पूर तुम्ही टीव्हीवर पाहिलात. आम्ही तेव्हा आलप्पुळा शहरात राहत होतो, अम्मा गावात एकटी. जुलैमध्येच एकदा पाणी घरात येऊन गेलं होतं. ऑगस्टच्या मध्यावर धरणांची दारं उघडली आणि बांध एकामागून एक फुटले. कुट्टनाड जवळजवळ सगळं रिकामं करावं लागलं. लाखो माणसं, तीही बोटींतून. अम्माला कुणीतरी मासेमारी बोटीत घालून आणलं. वय अठ्ठ्याहत्तर. हातात एक पितळी निलविळक्क, म्हणजे समई, आणि रेशनकार्ड. बाकी काही नाही.

पुराबद्दल एक गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. आटपाडीला ओढ्याला पूर आला तर चार तासांत उतरतो. सांगली-कोल्हापूरला कृष्णा-पंचगंगेचा पूर आठवड्याभराने का होईना, ओसरतो. पाणी उताराने जातं. पण जे गाव समुद्राच्या खाली आहे तिथलं पाणी जाणार कुठे? उतार आतल्या बाजूला आहे. पूर ओसरत नाही, तो उपसावा लागतो. आधी फुटलेला बांध सांधायचा, मग पंप दुरुस्त करायचे, कारण तेही बुडालेले, मग वीज यायची वाट बघायची आणि मग उपसायचं. बाकी केरळात लोक घरं धूत होते तेव्हा आमच्या घरात अजून मांडीभर पाणी होतं. कितीतरी आठवडे.

घरी प्रश्न आला, आता पुढे काय. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. विकून टाकू. अम्माला शहरात फ्लॅटवर आणू. पुतणे आखातात, एक आयर्लंडला, शेत बघायला कुणी नाही. आमच्या ओळीतली तीन घरं तोवर बंदच होती. मीही त्यांच्याच बाजूची होते, खोटं कशाला सांगू. अम्मा काही बोलली नाही. दोन दिवसांनी मला एकटीला म्हणाली, "तुझ्या अच्छनला कुठे जाळलं ते आठवतं का?"

आठवत होतं. केरळात पुष्कळ हिंदू घरांत अंगणाच्या दक्षिण बाजूला दहन करतात. सासरे गेले ते भर पावसाळ्यात, कर्किडकम महिन्यात. अंगणात गुडघाभर पाणी. शेजाऱ्यांनी वाळूची पोती रचली, त्यावर विटांचा ओटा केला, आंब्याची लाकडं होडीतून आणली आणि पाण्याच्या वर अशी चिता पेटवली. मी दारात उभी राहून पाण्यातलं त्या आगीचं प्रतिबिंब बघत होते. अम्माला तोच कोपरा हवा होता. फ्लॅटला दक्षिणेचा कोपरा कुठला?

मग घर उचलायचं ठरलं. हो, उचलायचं. पुरानंतर आमच्याकडे हा धंदाच निघाला. उत्तरेकडची माणसं येतात, आमच्याकडे आली ती हरियाणाची. पायाच्या खाली भिंती कोरून शेकडो जॅक लावतात, ट्रकचं चाक बदलायला लावतो तसले. मुकादम शिटी वाजवतो आणि सगळे एकदम अर्धा फेरा फिरवतात. पुन्हा शिटी, पुन्हा अर्धा फेरा. अख्खं घर, भिंती, खिडक्या, भिंतीवरच्या कॅलेंडरसकट, केसभर वर जातं. खाली वीट घालत जायचं. चार फूट उचलायला महिना लागला. निवृत्तीचे पैसे त्यात गेले. नवरा रोज संध्याकाळी हिशोब करायचा आणि रोज गप्प बसायचा.

आमच्या पुढच्याच वळणावर बाहेरच्या बांधाला एका चेट्टनचं घर होतं. त्याचे आजोबा आमच्या शेतात कट्टा काढायचे. १९७०च्या जमीन सुधारणेत झोपडीची जागा म्हणून त्यांना दहा सेंट मिळाली. सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग. जागा मिळाली ती बाहेरच्या बांधावर, जिथे पाणी पहिल्यांदा येतं. घर उचलायला लागतात तेवढे पैसे त्याच्याकडे नव्हते. आमचं घर वर जात होतं तेव्हा तो रोज मदतीला यायचा, विटा द्यायचा. पुढच्या पावसाळ्यात कुटुंब घेऊन चंगनाश्शेरीकडे भाड्याने गेला. बांध बघायला आता त्या टोकाला कुणी नाही. रात्री पाणी झिरपायला लागलं तर ओरडायला माणूस लागतो ना. तो माणूस गेला. माझ्या मते हे आमच्या अडीच एकरांचं सगळ्यांत मोठं नुकसान, आणि ते भरून काढायला कुठला फॉर्म नाही.

घर उचलत होते तेव्हा अम्मा समोर कालव्यात होडीत बसून असायची. मांडीवर तीच समई. मुकादमाला मल्याळम येत नव्हतं, तिला हिंदी. शेवटच्या दिवशी तिने हाताने खूण करून त्याला विचारलं, अजून थोडं? तो म्हणाला, "बस, माताजी." तिला ते बरोबर कळलं.

पूर्वी कालव्यातून घरात यायला पाच पायऱ्या होत्या. आता बारा आहेत. वृश्चिकम महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, मोठी भरती येते. पाऊस नसताना, आभाळ स्वच्छ असताना पाणी गुपचूप अंगणात शिरतं. तेव्हा अम्मा सकाळी काठी घेऊन दारात येते आणि कोरड्या पायऱ्या मोजते, आणि मला फोन करते. नमस्कार नाही, कशी आहेस नाही, नुसता आकडा. गेल्या वृश्चिकममध्ये आठ होत्या. या वर्षी परवा फोन आला. सात.